बडोद्याला येताय? पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न आणि आमची उत्तरं

आमचं घर दांडिया बाजारात, चार पिढ्या इथेच. दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की पुणे, नाशिक, जळगावकडून फोन सुरू होतात. आत्याच्या मुली, मैत्रिणींच्या नणंदा, कुणाचे शेजारी. सगळ्यांचे प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

आधीच एक विनंती. बरेच पाहुणे राजवाडा बघतात, दुसऱ्या दिवशी सरदारांचा पुतळा बघतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. सयाजीराव महाराजांनी राजवाडा स्वतःच्या कुटुंबासाठी बांधला. बाग, संग्रहालय, ग्रंथालय, कॉलेज हे त्यांनी प्रजेसाठी बांधलं, आणि नेमकं तेच बघायचं राहून जातं. म्हणून पुढे त्या जागांवर जरा जास्त लिहिलं आहे.

किती दिवस काढून यावं?

शहरासाठी पूर्ण दोन दिवस. चांपानेर किंवा केवडिया करायचं असेल तर तिसरा. सोमवार मात्र शहरात येऊ देऊ नका. राजवाडा आणि त्याच्या आवारातलं फत्तेसिंह संग्रहालय सोमवारी बंद असतं, केवडियाचा पुतळाही. शुक्रवारी रात्री निघून शनिवार-रविवार इथे काढले तर काहीच हुकत नाही. सणावाराच्या सुट्ट्या वेगळ्या असतात, तेव्हा निघण्याआधी एक फोन करून घ्या.

कोणत्या दिवसांत यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मुलांच्या सुट्टीमुळे तेव्हाच यायचं असेल तर सकाळी अकरापर्यंत बाहेरचं फिरणं उरका, दुपारी संग्रहालय आणि संध्याकाळी बाग असा दिवस लावा.

१४ जानेवारीला उत्तरायण. सगळं शहर गच्चीवर असतं आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण म्हणून पुन्हा तेच. पतंग बघायला जरूर या, पण त्या दोन दिवसांत दुकानं किंवा संग्रहालयं बघायचं ठरवू नका. नवरात्रात गरबा बघायचा असेल तर खोली खूप आधी धरून ठेवा. इथे हजारो माणसं एका मैदानात, मधल्या गायकांभोवती गोल धरून, अनवाणी खेळतात. तो गोल फिरताना एकदा तरी पाहावाच.

कसं यायचं, कुठे उतरायचं?

मुंबईहून रेल्वेने साधारण ३९० किलोमीटर. रात्री बसलात की सकाळी इथे. जळगाव-धुळ्याकडून येणाऱ्यांना सुरतेवरून यावं लागतं. स्टेशनच्या एका बाजूला सयाजीगंज, दुसऱ्या बाजूला अलकापुरी, दोन्हीकडे सगळ्या खिशांना परवडणारी हॉटेलं आहेत. सयाजीगंजात उतरलात तर कमाटीबाग, कीर्तिमंदिर आणि विद्यापीठाचा घुमट पायी होतो. तो घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बांधला आहे. पूर्वीच्या बडोदा कॉलेजची ती इमारत, आता विद्यापीठाची कला शाखा तिथे भरते.

लक्ष्मीविलास राजवाडा आतून बघावा का?

हो, एकदा बघाच. १८९० साली तो पुरा झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. ते १८८१ मध्ये वारले आणि पुढचं काम रॉबर्ट चिझम यांनी नेलं. गायकवाड कुटुंब अजून तिथे राहतं, त्यामुळे थोडाच भाग आपल्याला बघता येतो. दरबार हॉलमध्ये जरा थांबा. फरशी व्हेनिसच्या मोझेकची आहे, खिडक्यांना बेल्जियमची रंगीत काच. खाली बघावं की वर, हे ठरत नाही. आत फोटो काढू देत नाहीत. कानाला लावायचं ध्वनिमार्गदर्शक यंत्र मिळतं ते घ्या, नाहीतर माणूस अर्ध्या तासात बाहेर येतो आणि विचारतो, "एवढंच?"

राजा रविवर्म्याची खरी चित्रं कुठे बघायला मिळतील?

राजवाड्याच्या आवारातच, फत्तेसिंह संग्रहालयात. त्याचं तिकीट वेगळं असतं. ती इमारत पूर्वी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती.

रविवर्मा १८८१ मध्ये महाराजांच्या राज्याधिकार समारंभाच्या निमित्ताने बडोद्याला आले. पुढे १८८८ मध्ये महाराजांनी त्यांना राजवाड्यासाठी पुराणकथांवर चौदा चित्रं काढायला सांगितली. बडोद्याचे दिवाण टी. माधवराव यांनी त्यांना सुचवलं होतं की तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे तर त्यांच्या छापील प्रती काढा. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आजीच्या देवघरात चौकटीत बसवलेली लक्ष्मी-सरस्वती होती ना, ती त्या छापखान्यातून घरोघर पोचली. म्हणून मूळ तैलरंग समोर आला की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. छापील प्रतीत न दिसलेलं पुष्कळ काही इथे दिसतं: जरीच्या काठावरचा उजेड, मनगटाच्या कातडीचा रंग, पदराची पारदर्शक घडी. घाई करू नका, एकेका चित्रासमोर पाच मिनिटं द्या.

कमाटीबागेतलं संग्रहालय म्हणजे तेच का?

नाही, ते वेगळं, आणि माझ्या मते बडोद्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच. बागेचं नाव सयाजीबाग, पण रिक्षावाल्याला 'कमाटीबाग' सांगा. १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठावर ही बाग महाराजांनी लोकांसाठी केली. आतल्या संग्रहालयाची इमारत १८९४ ची. शेजारचं चित्रदालन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बांधून झालं, पण युरोपात घेतलेली चित्रं युद्धामुळे तिकडेच अडकली आणि दालन १९२१ मध्ये उघडलं. कोट्यवधींची चित्रं घेऊन ती महालात टांगता आली असती. ती बागेत ठेवली, जिथे भाजी घ्यायला निघालेला माणूसही वाट वाकडी करून शिरू शकतो.

आत गेल्यावर सगळे आधी इजिप्तची ममी विचारतात. बघा, पण तिथून परत फिरू नका. अकोट्याच्या धातुमूर्ती शोधा. अकोटा हा आज बडोद्याचाच भाग आहे, आमच्याकडची माणसं तिथे फ्लॅट घेतात. १९५१ मध्ये तिथे ६८ जैन धातुमूर्ती सापडल्या, सहाव्या ते बाराव्या शतकापर्यंतच्या. त्यांतली जीवंतस्वामींची मूर्ती पाहण्यासारखी आहे. महावीर अजून राजपुत्रच आहेत, डोक्यावर मुकुट आणि अंगावर दागिने आहेत, पण ध्यानात उभे. चवरी ढाळणारी बाईही तशीच, कमरेतला बाक इतका सहज की ती आत्ता कूस बदलेल असं वाटतं. दीड हजार वर्षांपूर्वी आमच्या या मातीत कुणीतरी बसून हे ओतलं, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

मोगल लघुचित्रं, युरोपियन तैलचित्रं, रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांची हिमालयाची चित्रं, हे बाकीचं सगळं पायात बळ असेल तर. एका दिवसात हे आणि फत्तेसिंह अशी दोन्ही संग्रहालयं करू नका. डोळे थकतात आणि मग चित्रं नुसती भिंतीवरून सरकत जातात.

मुलं कंटाळत नाहीत का?

आमच्याकडची कधी कंटाळली नाहीत. संग्रहालयात देवमाशाचा सुमारे सत्तर फुटी सांगाडा आहे. तो मासा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी येऊन अडकला होता. मुलांना आधी तिथे न्या, मग मूर्ती. बागेत प्राणिसंग्रहालय, तारांगण, फुलांचं घड्याळ आहे. विश्वामित्रीत खरोखरच्या मगरी आहेत, भर शहरात. थंडीत दुपारी त्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात. पुलावरून बघा, काठावर उतरू नका, आणि मुलाचा हात सोडू नका.

बाबासाहेबांची संकल्पभूमी कुठे आहे?

कमाटीबागेच्या परिसरातच, सयाजीगंजात. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेले. करारानुसार १९१७ च्या सप्टेंबरात इथे नोकरीला आले, तर जातीमुळे कुणी राहायला जागा देईना. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लोकांनी लाठ्या घेऊन त्यांना बाहेर काढलं. त्यानंतर ते या बागेतल्या झाडाखाली बसले आणि आपल्या समाजासाठी आयुष्य वेचायचा निश्चय त्यांनी इथे केला. २३ सप्टेंबरला दूरदूरहून माणसं येतात. बडोद्याच्या उदारपणाच्या गोष्टी आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. ही गोष्टही त्याच पाहुण्यांना सांगायला हवी, म्हणून मी प्रत्येकाला इथे नेते.

कीर्तिमंदिरात बघण्यासारखं काय?

भिंती. गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ महाराजांनी राज्याच्या हीरक महोत्सवाच्या वेळी, १९३६ मध्ये, ही वास्तू बांधवली. आतल्या दालनाच्या चार भिंतींवर नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीराबाईचं जीवन आणि रवींद्रनाथांच्या नाटकातली 'नटीर पूजा'. शांतिनिकेतनच्या बाहेर त्यांचं एवढं मोठं काम क्वचितच दिसतं, आणि बहुतेक वेळा तुम्ही तिथे एकटेच असता.

तांबेकर वाडा सापडत नाही असं म्हणतात. खरं का?

सापडतो, पण विचारत जावं लागतं. रावपुऱ्याच्या गर्दीत, दुकानांच्या मागे तो उभा आहे. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा वाडा. लाकडी खांब, अरुंद जिने, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत चित्रंच चित्रं. भिंत, दार, पाखं, एक वीत जागा मोकळी नाही. कृष्णलीला आहे, रामायण-महाभारतातले प्रसंग आहेत, फिरंगी पलटणींच्या लढाया आहेत, आणि मधूनच नऊवारीतल्या, नथ घातलेल्या आपल्या बायका आहेत. मराठी माणसाने गुजरातेत घर बांधलं आणि त्यात आपलं सगळं जग रंगवून घेतलं, असं तिथे वाटतं.

आता वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे. उजेडात जा, सकाळची वेळ उत्तम. भिंतीला हात लावू नका, पाठ टेकू नका. माझ्या मामेसासूबाई पंचाहत्तरीत तो जिना चढल्या आणि वरच्या खोलीत अर्धा तास बसून राहिल्या. खाली आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आमच्या वाईच्या वाड्यात असंच होतं गं, रंगवून टाकलं सगळं चुन्याने."

जुनं शहर पायी बघायचं तर कसं जावं?

सकाळी आठला खंडेराव मार्केटपासून निघा. १९०६ ची ही देखणी इमारत आज महानगरपालिकेचं कार्यालय आहे आणि मागच्या बाजूला फुलांचा, भाजीचा बाजार भरतो. तिथून सूरसागर तलाव, मधोमध उभे महादेव. तलावाजवळच न्यायमंदिर, १८९६ ची वास्तू, जिथे कालपरवापर्यंत कोर्ट होतं. ते बाहेरूनच बघा. मग लहरीपुरा दरवाजातून मांडवीकडे.

मांडवीच्या बाजूला मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ते चुकवू नका. महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी पाठवत असत. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण अमरेलीत १८९३ मध्ये आणि संस्थानभर १९०६ मध्ये सुरू झालं होतं, त्या शिकलेल्या मुलांना वाचायला काहीतरी हवं, हा त्यामागचा विचार. इथली मांडणी लोखंडी आहे आणि मजल्यांच्या फरश्या काचेच्या, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचतो. मराठीचा विभाग जुना आणि मोठा आहे. माझे आजोबा तिथूनच आठवड्याला दोन पुस्तकं आणत.

मराठी बोललं तर चालतं का?

चालतं. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत दुकानदाराशी थेट मराठीत बोला, पुष्कळदा उत्तर मराठीतच येईल. आमची मराठी ऐकून हसू येईल कदाचित, आम्ही खिडकीला सहज 'बारी' म्हणून जातो. गुजराती माणसाला 'भाई', बाईंना 'बेन' म्हणा, कामं पटकन होतात.

शेवउसळ म्हणजे आपली मिसळच ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि उत्तर ठाम 'नाही' आहे. मिसळीत मटकी, शेवउसळीत वाळवलेला पांढरा वाटाणा. मिसळीत फरसाण आधीच घातलेलं, इथे शेव वेगळी देतात आणि आपण लागेल तशी घालायची. कांद्याची हिरवी पात भरपूर. बरोबर पाव, आणि वाटीत लालभडक तरी. तरी आपल्या हाताने थोडी थोडी घालायची, एकदम ओतायची नाही. लसणाचा झणका पुण्याच्या मिसळीपेक्षा जास्त असतो आणि रस पातळ. कीर्तिस्तंभाजवळ महाकाली शेवउसळ प्रसिद्ध आहे. गर्दी असते, उभ्याने खावं लागतं, पण उलाढाल मोठी असल्याने कढईतला माल ताजा असतो.

आणि तरी मिसळच खायची असेल तर दांडिया बाजारात कॅनरा कॉफी हाऊस आहे. तिथली 'पुना मिसळ' खाऊन आमच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. पुण्याची माणसं नाक मुरडतात, थोडी गोड लागते म्हणतात. लागते. ती बडोद्याची आहे.

रीतसर जेवायला कुठे जावं?

पाहुण्यांना गुजराती थाळी खायची असते. अलकापुरीत एक्सप्रेस हॉटेलचं 'मंडप' नावाचं रेस्टॉरंट आहे, वाढप आग्रहाचं असतं. थाळी दुपारी खा, रात्री नको. डाळ-कढी गोड लागली तर तिखट चटणी मागा, लगेच आणून देतात. डिसेंबर-जानेवारीत उंधियू असेल तेव्हा बाकी काही घेऊ नका. रात्री उशिरा भूक लागली तर कारेलीबागेत रात्री बाजार भरतो, तरुण मुलांना तो फार आवडतो.

वरणभात, भाजी-पोळी हवी असेल तर दांडिया बाजाराच्या गल्ल्यांत घरगुती डबे आणि साध्या खाणावळी आहेत. रविवारी सकाळी फाफडा-जिलेबीच्या दुकानासमोर उभं राहा, सोबत कच्च्या पपईचा संभारो मागून घ्या.

मांसाहार, मद्य?

मांसाहारी हॉटेलं आहेत. दारूबंदी मात्र आहे, गुजरातबाहेरच्या पाहुण्यांना ओळखपत्र दाखवून तात्पुरता परवाना मिळतो. परवान्याशिवाय गाडीत बाटली आणू नका, सीमेवर तपासणी होते.

आई-बाबांना चालवत नाही. त्यांना काय दाखवावं?

कीर्तिमंदिर, फत्तेसिंह संग्रहालय, आणि संध्याकाळी सूरसागरचा काठ. दांडिया बाजारातलं अरविंद निवासही. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, कॉलेजात शिकवत. तिथल्या शांततेत वयस्क माणसं खूश होतात. सैन्याच्या आवारातलं दक्षिणामूर्ती मंदिरही सोपं आहे. १९६६ चं, अल्युमिनियमचे पत्रे लावलेला घुमट. ओळखपत्र जवळ ठेवा. तांबेकर वाड्याचा जिना आणि पावागड, हे गुडघे बघून ठरवा.

तिसऱ्या दिवशी केवडिया की चांपानेर?

केवडिया सुमारे ९० किलोमीटर, १८२ मीटर उंचीचा पुतळा, सगळी सोय उत्तम. चांपानेर ५० किलोमीटरच्या आसपास, २००४ पासून जागतिक वारसा. महमूद बेगड्याने १४८४ मध्ये पावागड जिंकला आणि पायथ्याशी राजधानी वसवली. तिथल्या जामी मशिदीच्या सज्जांवरचं कोरीवकाम बघा, कमळं आणि वेली, हात देवळं घडवणाऱ्यांचेच. वर कालिकामातेचं देऊळ. रोपवे आहे, पण त्यानंतरही पायऱ्या आहेत. माझी निवड चांपानेर.

घरी काय न्यावं?

जगदीशचा लीला चिवडा. बटाट्याचा कीस आणि चणाडाळीचा, ओलसर, आंबटगोड, हिरव्या मिरचीचा. ओला असल्यामुळे तो आठवड्यापलीकडे ठेवू नका. निघायच्या दिवशीच घ्या, बॅगेत सगळ्यात वर ठेवा आणि घरी पोचल्यावर डब्यात काढून फ्रीजमध्ये. भाकरवडीही घ्या, ती टिकते. रावपुऱ्यात दुलीरामचे पेढे मिळतात, भाजक्या खव्याचे, तपकिरी. पेढे उन्हाळ्यात हातातल्या पिशवीत धरा, डिकीत टाकलेत तर घरी गोळा पोचतो.